लांबच्या, कमी खर्चाच्या भटकंतीसाठी सॅकमध्ये काय भरावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्याहून पहिल्यांदा चार महिन्यांसाठी बाहेर पडले त्याला बरीच वर्षं झाली. त्यानंतर तशी दोन मोठी फिरणी झाली, आणि तेव्हापासून ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे सामानाबद्दल विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा नीट लिहून काढते. मुक्काम धर्मशाळेत, गुरुद्वाऱ्यात नाहीतर हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, प्रवास स्लीपर क्लासचा आणि सरकारी बसचा, असं धरून ही उत्तरं आहेत.

१. ताई, सुरुवात सॅकपासून करू ना?

नको. सॅक सगळ्यात शेवटी घ्या. आधी सॅक आणली की ती भरावीशी वाटते, आणि रिकामी जागा दिसली की घरातलं प्रत्येक माणूस तिच्यात काहीतरी घालतं. न्यायचं ते सगळं आधी सतरंजीवर मांडा. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, एकेक वस्तू तोला आणि वजन वहीत लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचाच होत नाही. टॉयलेटरीची पिशवी एक किलोच्या वर गेलेली दिसली की काय काढायचं ते आपोआप कळतं.

२. दोन आठवड्यांसाठी इतकं सामान लागतं, तर सहा महिन्यांसाठी किती लागेल?

तितकंच. सामान आठवड्याचं भरायचं, मग फिरणं पंधरा दिवसांचं असो की वर्षभराचं. आठवड्यातून दोनदा कपडे धुवायचेच असतात. साबण, टूथपेस्ट, सेल, मोजे हे सगळं प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळतं. मोठ्या प्रवासात जास्त लागतो तो वेळ आणि पैसा.

३. सॅक किती लिटरची घ्यावी?

बहुतेकांना ४० ते ५० लिटर पुरते. ६० आणि ७० लिटरच्या सॅक तंबू, दोर, भांडी घेऊन जाणाऱ्यांसाठी असतात.

लिटरपेक्षा माप महत्त्वाचं. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी एक हाड उठून दिसतं. तिथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. ही तुमच्या पाठीची लांबी. माझी ४३ सेंटीमीटर आहे. माझ्यापेक्षा उंच असलेल्या मैत्रिणीची माझ्याहून कमी भरली, तेव्हा उंचीवरून अंदाज बांधू नका. सॅकचा पाठीचा भाग या मापाशी जुळला तरच कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसतो, आणि बरंचसं वजन खांद्यांवरून तिथे उतरतं. पट्टा पोटावर आला तर दोन तासांत खांदे भरून येतात.

दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून काहीच समजत नाही. आत सात-आठ किलो घालून द्यायला सांगा आणि दहा मिनिटं दुकानातच चाला. चांगले दुकानदार याला नाही म्हणत नाहीत.

४. तुमच्या स्वतःच्या सॅकचं वजन किती भरतं?

पाणी आणि खाणं सोडून साधारण ७ किलो १०० ग्रॅम. सॅक १,४०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १,०००, साडीचं अस्तर ३०० (प्रश्न ७ पाहा), अंगावरचे सोडून कपडे १,७००, पोंचो (अंगावरून घ्यायचा पावसाळी झगा) ३५०, चपला ३५०, पॉवर बँक, चार्जर आणि हेडटॉर्च मिळून ६००, औषधं ३००, साबण वगैरे ४००. उरलेल्या ७०० ग्रॅममध्ये बाटली, साखळी-कुलूप, दोरी, सुई-दोरा, कागदपत्रं.

एक लिटर पाणी आणि थोडं खाणं धरून पाठीवर साडेआठ किलो येतात. सोसेल असं ओझं म्हणजे आपल्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, असं मी धरते. ५७ किलोच्या माणसाला साडेआठ ही वरची हद्द झाली.

५. कपडे किती घ्यावेत? जीन्स चालेल का?

एक जोड अंगावर, एक वाळत, एक कोरडा. तीन शर्ट, दोन पँट, अंतर्वस्त्रांचे चार जोड, मोज्यांचे तीन. यात भागतं.

जीन्स घरी ठेवा. वजनाला जड, आणि भिजली की दोन दिवस वाळत नाही. सुती कपड्यांबद्दल मात्र सरसकट 'नको' म्हणणारे मला पटत नाहीत. राजस्थानात, विदर्भात, तमिळनाडूत उन्हाळ्यात सुतीसारखं सुख नाही. सुती नको ते थंडीत चढायला. घामाने भिजलेला बनियन अंगाला चिकटतो, आणि खिंडीत वारं लागलं की हुडहुडी भरते. तिथे पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा बनियन हवा.

मोठा टॉवेल काढून टाका आणि पंचा घ्या. अंग पुसायला, डोक्याला बांधायला, बसमध्ये खिडकीतलं ऊन अडवायला, भाजी-भाकरी बांधून न्यायला, सगळ्याला चालतो आणि तासाभरात वाळतो. मी दोन नेते. कपडे धुवायला साबणाची अर्धी वडी पुरे. पावडर सॅकमध्ये सांडली की काय होतं ते एकदा पाहिलं आहे.

६. एकाच फेरीत केरळ आणि स्पिती दोन्ही आहे. थंडीचं सामान सगळीकडे वाहायचं का?

उंचीचं गणित आधी करा. दर १,००० मीटरला तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं. पुणे ५६० मीटरवर, लेह साधारण ३,५०० वर. म्हणजे एकाच दिवशीसुद्धा सतरा-अठरा अंशांचा फरक निव्वळ उंचीचा. त्यावर रात्र आणि वारा वेगळे.

एकच जाड जॅकेट नेण्यापेक्षा पातळ थर न्या. आत थर्मल, त्यावर फ्लीस म्हणजे मऊ, हलकं उबदार जाकीट, वर वारा-पाऊस अडवणारं जर्किन. केरळात जर्किन पावसाला चालतं, फ्लीस स्लीपर डब्यात उशाला येतं. कानटोपी आणि हातमोज्यांना वजन नसतं, ते कायम बरोबर असू द्या. याहून जास्त ऊब लागली तर जाड जॅकेट मनालीत भाड्याने मिळतं, आणि लोकरीचे मोजे तिथे रस्त्यावर विणत बसलेल्या बायकांकडून घ्यावेत, इतके चांगले असतात. डोंगर आधी असेल तर उतरल्यावर थंडीचे कपडे घरी पाठवा (प्रश्न २० पाहा).

७. हॉस्टेलमध्ये पांघरूण मिळतं. मग स्लीपिंग बॅग कशाला?

नुसती शहरं आणि हॉस्टेलं असतील तर खरंच नको. पण धर्मशाळेत कधी मिळतं, कधी नाही. स्लीपर क्लासमध्ये अंथरूण-पांघरूण सहसा मिळत नाही. डिसेंबरात झेलम एक्सप्रेसने वर जाताना झाशी मागे पडली की खिडकीच्या फटीतून जे वारं येतं, त्यात शाल पुरत नाही.

घ्यायची ठरवली तर पिशवीवर छापलेले तापमानाचे आकडे नीट वाचा. 'कम्फर्ट' आणि 'लिमिट' असे दोन असतात. पाहायचा तो कम्फर्टचा, म्हणजे आरामात झोप लागेल ते तापमान. दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा दुसरा लिहिलेला असतो. पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण ओली झाली की पिसं चिकटून गोळे होतात आणि ऊब जाते. ईशान्येकडे किंवा पावसाळ्यात फिरणार असाल तर सिंथेटिकच घ्या. घरी ठेवताना तिच्या छोट्या पिशवीत कोंबून ठेवू नका, मोकळी टांगून ठेवा.

आता अस्तर. आईची किंवा आजीची जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या. तिचा ४ मीटर २० सेंटीमीटरचा तुकडा मधोमध दुमडा, म्हणजे २ मीटर १० सेंटीमीटर लांब आणि साडीच्या पन्ह्याइतकी रुंद खोळ होते. एक बाजू पूर्ण शिवा, दुसरी अर्ध्यापर्यंत. दुमड पायाशी ठेवली की खाली शिवायलाही नको. बाहेर मिळणाऱ्या पांघरुणांचा भरवसा नसतो. खोळीत शिरून वर ते घेतलं की निर्धास्त झोप लागते. स्लीपिंग बॅगही धुवावी लागत नाही. बाजारात अशी लायनर मिळतात, पण साडीइतका मऊपणा मला त्यांत सापडला नाही. उरलेल्या सव्वा मीटरच्या छोट्या पिशव्या शिवा.

८. सोलापुरी चादर नेऊ का?

मला ती अतिशय प्रिय आहे, पण पाठीवर नको. जड होते आणि लवकर वाळत नाही.

९. बूट कोणते? सँडल पुरतील का?

मैदानी प्रदेशात चांगल्या पट्ट्यांच्या सँडल पुरतात. डोंगरात बूट लागतात, पण घोट्याच्या वर येणारे जड बूट पाठीवर आठ किलो असणाऱ्याला बहुतेक वाटांवर नको असतात. सह्याद्रीत फिरणारे वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज घालतात, ते उगाच नाही. आपल्या काळ्या कातळावर त्यांची पकड चांगली बसते आणि किंमत परवडते.

माप दुपारनंतर घ्या, पाय दिवसभरात थोडे फुगतात. प्रवासात घालणार तेच मोजे घालून घ्या. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर लांबच्या उतारावर नखं काळी पडतात.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, ती मला उत्तराखंडात तिसऱ्या दिवशी समजली. माझे बूट जवळजवळ नवे होते, पण दोन पावसाळे माळ्यावर पडून होते. चालता चालता उजव्याचा तळ सुटला आणि तासाभरात डाव्याचाही. बुटांच्या तळात अनेकदा पॉलियुरेथेन असतं आणि दमट हवेत ते वापराविनाच आतून विरतं. पुण्यातले चार महिने दमट असतात. म्हणून ठेवणीतले बूट निघण्याच्या आधी महिनाभर रोज वापरा, तळ सुटायचा असेल तर इथेच सुटेल. मला खालच्या गावातल्या मोचीदादांनी आरपार शिवून दिले आणि त्या शिवणीवर पुढचे दोन महिने निघाले. तेव्हापासून जाड सुई आणि मेणाचा दोरा कायम बरोबर असतो.

नवे बूट घालून थेट निघू नका, हे वेगळं सांगायला नको.

१०. पुण्यात काय कुठून घ्यावं? बजेट कमी आहे.

पैसे बूट, सॅक आणि स्लीपिंग बॅग या तिघांवर घाला. बाकी सगळं साधं चालतं. दोरी, जाड प्लास्टिक, साखळी, छोटी कुलुपं रविवार पेठेत बोहरी आळीत. पाऊच, सेफ्टी पिना, कापडी पिशव्या तुळशीबागेत. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी मारा. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, क्वचित चांगला चाकू मिळून जातो. दोर, हार्नेस असल्या जिवाशी संबंध असलेल्या वस्तू मात्र जुन्या कधीही घेऊ नका.

आणि मागून पाहा. या शहरात ट्रेकिंग करणारी माणसं घराघरांत आहेत आणि अनेकांच्या माळ्यावर एक बरी सॅक पडलेली असते. बूट सोडून बाकी सगळं उसनं चालतं.

११. सॅकला रेनकव्हर आहे. पावसासाठी आणखी काही लागेल का?

लागेल. रेनकव्हर पुढून झाकतं. पाठीच्या बाजूने ओघळ आत जातोच. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सगळं सामान तिच्यात भरा आणि तोंडाला पीळ देऊन खोचून ठेवा. स्लीपिंग बॅग सगळ्यात खाली, जड वस्तू मध्ये पाठीला टेकून, वारंवार लागणारं वर. अंगावर पोंचो. वाऱ्याच्या कड्यांवर छत्री निरुपयोगी, पण कोकणात किंवा केरळात गावातून फिरताना छत्रीच बरी. पोंचोत घामानेच भिजायला होतं.

१२. पाण्यासाठी फिल्टर घेऊ का?

भारतात फिरताना मी नेत नाही. क्लोरीनच्या गोळ्यांची एक पट्टी नेते. गोळी टाकून अर्धा तास थांबायचं. उकळायची सोय असेल तर खळखळून एक मिनिट, २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं, कारण उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं.

बाटली साध्या स्टीलची, एका थराची घ्या. थंडीत तिच्यात गरम पाणी भरून, मोज्यात घालून स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवली की शेकायची पिशवी तयार. थर्मासची बाटली बाहेरून गरम होत नाही, म्हणून हे तिच्याने जमत नाही.

१३. औषधं कोणती?

पॅरासिटामॉल, ओआरएसची तीन-चार पाकिटं, जंतुनाशक मलम, गॉझ, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, आणि तुमची नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. ओआरएस संपलं तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. मोजून घाला.

लडाख-स्पितीला जाणार असाल तर ॲसिटाझोलामाइड या उंचीचा त्रास टाळायच्या गोळीबद्दल निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. सल्फाची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. मित्राने दिली म्हणून घेऊ नका. आणि गोळी घेतली तरी पहिले दोन दिवस विश्रांतीच.

१४. पाळीचं काय करावं? विचारायला संकोच वाटतो.

संकोच करू नका. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. पॅड मोठ्या गावात मिळतात, दुर्गम भागात नाही, आणि वापरलेलं टाकायचं कुठे हा डोंगरात खरा पेच असतो. मेन्स्ट्रुअल कपने तो सुटतो. पण पहिल्यांदा प्रवासातच वापरू नका, आधी घरी दोन-तीन महिने सवय करा. उकळायला वेगळं छोटं स्टीलचं भांडं ठेवा. कापडी पॅड कोरड्या प्रदेशात उत्तम. मेघालयातल्या पावसात ते वाळतच नाहीत. पाच-सहा साधे पॅड अडचणीसाठी कुणालाही असावेत.

१५. मुलगा सहा महिन्यांसाठी निघालाय. खायला काय बांधून देऊ? छोटा गॅसही देणार आहे.

काकू, गॅस देऊ नका. गॅसचा डबा रेल्वेत न्यायला बंदी आहे, विमानात तर नाहीच. आपल्याकडे दहा रुपयांचा चहा आणि पोटभर थाळी सगळीकडे मिळते, स्टोव्हचं वजन वाहण्यात अर्थ नाही.

खायला पहिल्या चार दिवसांचं द्या. दशम्या दोन दिवस, शेंगदाणा-गुळाचे लाडू पुढे आठवडाभर. मेतकुटाची छोटी पुडी जरूर द्या. भात सगळीकडे मिळतो, त्यावर मेतकूट घातलं की घरचं जेवल्यासारखं वाटतं. तेलकट चिवडा फार देऊ नका, खवट होतो. एक स्टीलचा डबा आणि चमचा असला की झालं.

१६. पॉवर बँक किती मोठी? विमानात अडवतात का?

२०,००० एमएएच पुरे. विमानाचा नियम वॉट-तासांत असतो: १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० ला विमान कंपनीची लागते. हिशेब सोपा आहे. २०,००० एमएएच गुणिले ३.७ व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ७४ वॉट-तास. ती हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इनमध्ये टाकायची नाही. तिच्यावरचा आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत अडचण येऊ शकते, म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावून ठेवा.

कडक थंडीत फोन आणि पॉवर बँक झोपताना आत घ्या. गारठ्यात बॅटरी भराभर उतरते.

१७. ट्रेनमध्ये सामानाची काळजी कशी घ्यायची?

बर्थखाली लोखंडी कडी असते, तिला पातळ साखळी आणि कुलूप. पैसे आणि कागदपत्रं अंगावरच्या छोट्या पाऊचमध्ये, झोपतानासुद्धा. अडचण येते ती क्लोकरूमची. स्टेशनच्या क्लोकरूममध्ये कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, आणि वरून दोरीने आवळायच्या सॅकला कुलूप लावणार कुठे? म्हणून पुढून चेनने उघडणारी, दोन्ही चेनांत कुलूप अडकवता येईल अशी सॅक सोयीची. तशी नसेल तर एक मोठी गोणपाटासारखी चेनची पिशवी घडी करून ठेवा, सॅक तिच्यात घाला आणि तिला कुलूप लावा.

१८. डोंगरात नेटवर्क नसतं. बाहेरून उपग्रहावरचं संपर्क-यंत्र मागवू का?

मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि छोट्या सॅटेलाइट मेसेंजरवरूनही प्रवाशांना विमानतळांवर ताब्यात घेतलेलं आहे. नकाशे फोनवर आधीच उतरवून घ्या, जीपीएस नेटवर्कशिवाय चालतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखसाठी पोस्टपेड सिम घ्या. इथलं प्रीपेड तिथे चालत नाही.

कागदांबद्दलही इथेच सांगते. पासपोर्ट आकाराचे आठ फोटो आणि ओळखपत्राच्या छापील प्रती न्या. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट, म्हणजे त्या राज्यात शिरायची सरकारी परवानगी, लागतं. नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावर जाता येत नाही.

१९. नर्मदा परिक्रमेलाही हेच सामान का?

नाही, अजून कमी. परिक्रमेत रात्रीचा आसरा आणि अन्न बहुतेक ठिकाणी आश्रमांतून आणि गावकऱ्यांकडून मिळतं, आणि चालायचं असतं अडीच हजार किलोमीटरच्या वर. तिथे पाच किलोसुद्धा महिन्याभराने जड होतात. एक अंथरूण, एक पांघरूण, कपड्यांचे दोन जोड, पंचे, छोटं भांडं, नर्मदाजलाची बाटली, काठी. प्रश्न ९ मधलं बुटांचं सगळं मात्र तिथे दुप्पट लागू.

२०. निघाल्यावर कळलं की सामान जास्त झालंय. आता?

हे घरीच कळावं यासाठी एक चाचणी आहे. पूर्ण भरलेली सॅक घेऊन, पाण्यासकट, आतकरवाडीतून सिंहगड चढा. मग लगेच दुसऱ्या दिवशी पुन्हा. एकदा कुणीही चढतं. दुसऱ्या दिवशी उचलताना जी वस्तू नकोशी वाटते ती काढायची.

तरीही वाटेत जास्त झालंच, तर पोस्टात जा. घरी पार्सल पाठवायला येणारा खर्च तीन महिने ओझं वाहण्यापेक्षा नेहमीच स्वस्त पडतो. पोस्टाजवळ बहुतेक गावांत शिंपी असतो, तो कापडात शिवून देतो. कपडे कोरडे करूनच भरा. पत्ता कापडावर लिहाल, पण तोच पत्ता आणि फोन नंबर एका कागदावर लिहून पार्सलच्या आतही टाका. कापडावरची शाई पावसात पसरते.